दहा नंबरची ओळ

रविवार, १६ नोव्हेंबर १९८६

आज त्रिपुरी पौर्णिमा. जत्रा सुरू झाल्या. आता शिमग्यापर्यंत या मुलखात एकच प्रश्न: जत्रा कधी? मुंबईच्या पत्रांत आईची तब्येत दुसऱ्या ओळीत असते, पहिल्या ओळीत जत्रेची तारीख विचारलेली असते. चाकरमान्याला रजा आधी टाकावी लागते ना. आज तीन पत्रं आली, तिन्हींत तेच. माझे वडील, अप्पा, आमच्या कातळखोलच्या सातेरी देवीचे मानकरी, म्हणून पत्रं आमच्याकडे. तिन्हींना त्यांचं उत्तर एकच: "कौल जाल्यावर कळवतंय."

मी पडवीत येरझाऱ्या घालत होतो (बसणं मला जमत नाही, आई जाईपर्यंत त्यावरून ओरडायची), आणि एकदम डोक्यात आलं की हे सगळं गणित आहे. बाकी सगळ्या गावांच्या जत्रा तिथीवर ठरतात. तिथी म्हणजे चंद्र, चंद्र म्हणजे आकडेमोड, आणि आकडेमोड करणारं यंत्र आमच्या हायस्कुलात पडद्याआड धूळ खात पडलंय.

सरकारी योजनेतून दोन संगणक मिळाले, त्याला वर्ष होईल. पणजीला जाऊन तीन आठवड्यांचं ट्रेनिंग मीच घेऊन आलो. खोलीबाहेर हेडमास्तरांनी पाटी लावली आहे: 'पादत्राणे बाहेर काढावीत.' दसऱ्याला झेंडू वाहिले. मला विचारतात, "तोरसकर, यावर मॅच दिसेल का हो?"

सत्यवानचं पत्र मात्र खिशातच ठेवलंय. कॉलेजातला हा माझा मित्र आता मुंबईत एका कॉम्प्युटर कंपनीत आहे. लिहितो, "गुरुदास, एक प्रोग्रॅम घेऊन ये, जो तुझाच आहे, दुसऱ्या कुणाकडे नाही. साहेबांसमोर चालवून दाखव. पुढचं माझ्याकडे लागलं."

मला इथून निघायचंय. लिहून टाकलं की जरा बरं वाटतं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

'जत्रा' चालायला लागला! नाव 'जत्रा'च ठेवलंय. साल टाकलं की गावागावाच्या तारखा धडाधड पडद्यावर येतात. पंचांगाशी पडताळल्या, सगळ्या बरोबर.

घोळ एकच, आमच्या स्वतःच्या गावाचा. आमची देवी तिथी मानत नाही. पौषात गाव देवळात बसतं, अप्पा गाऱ्हाणं घालतात, गुरव देवीच्या अंगावर ओल्या कळ्या लावतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. याला प्रोग्रॅममध्ये काय लिहिणार? मग जत्रेची जुनी पत्रकं जमवली, तारखा मांडल्या, आणि अंगावर काटा आला. दर वर्षी माघी पौर्णिमेनंतरचा पहिलाच मंगळवार. एकदाही चूक नाही. म्हणजे देवीकडेही फॉर्म्युलाच आहे, फक्त तिने तो कुणाला सांगितलेला नाही. एका ओळीत बसवून टाकला. येत्या वर्षी आमची जत्रा १७ फेब्रुवारी.

मग कुलूप घातलं. युक्ती अशी, की दहा नंबरच्या पहिल्याच ओळीत एक अदृश्य अक्षर घालायचं. कुणी 'लिस्ट' म्हणून आतल्या ओळी बघायला गेला की पडदा कोरा. प्रोग्रॅम चालतो, पण आतलं दिसत नाही. ही युक्ती मी स्वतः शोधली, कुणी शिकवली नाही. कुलूप का, तर सत्यवान म्हणाला म्हणून. शिवाय आत 'रेम' ओळी आहेत. रेम म्हणजे शेरा. मशीन ती ओळ वाचतच नाही, पुढे जातं. लिहिणाऱ्याने स्वतःसाठी लिहायची. मी काम करताना काहीबाही लिहितो. ते लोकांनी वाचायचं कारण नाही.

गणिताच्या सरला मॅडम मागे उभ्या राहून बघत होत्या. कुडाळच्या. बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी जानेवारीअखेरपर्यंत आल्या आहेत. म्हणाल्या, "सर, आत काय आहे दाखवा ना." मी म्हटलं, "ते गुंतागुंतीचं आहे." म्हणाल्या, "मी गणित शिकवते." मी घंटा झाली म्हणालो. झाली नव्हती.

रविवार, ७ डिसेंबर

सगळी यादी प्रिंटरवर काढली. दीड हात लांब कागद. एक प्रत बाजारात लावली, एक एसटी स्टँडवर. कंट्रोलर स्वतः गोंद घेऊन आला. दिवसभर लोक तिथे मान वर करून उभे. आमच्या गावातला एक जण मुंबईला निघाला होता, त्याने एक प्रत मागून घेतली, मुंबईतल्या आमच्या गावकऱ्यांच्या मंडळाला दाखवतो म्हणाला. संध्याकाळपर्यंत मला उगीचच चार वेळा स्टँडवर जावंसं वाटलं आणि मी गेलो.

घरी अप्पांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून कागद उलटसुलट पाहिला.

"गुरू, ह्येका बाजूक भोकां कित्याक?"

"कागद ओढायला."

"आणि आमच्या जत्रेची तारीख खंयसून ओढलंस?"

मी फॉर्म्युला समजावला. ऐकून घेतला. "बरा आसा," म्हणाले, कागदाची नीट घडी घातली आणि देव्हाऱ्यात ठेवली. मला वाटलं त्यांना आवडलं. जेवले मात्र थोडंसंच.

शुक्रवार, १२ डिसेंबर

मधल्या सुट्टीत सरला मॅडम संगणकाच्या खोलीत आल्या, चपला बाहेर काढून. निळी साडी होती. (की हिरवी? त्या खोलीत पडदे असे आहेत की रंग कळत नाही.) म्हणाल्या, "आमच्या घरीपण हल्ली तारखा बघायला लागलेत. तुमच्या प्रोग्रॅमात मुहूर्त निघतात का?"

मी सांगितलं की तिथीवरून मुहूर्त काढता येईल, पण तो वेगळा भाग होईल, मशीनची मेमरी कमी पडेल. सविस्तर सांगितलं. फळ्यावर आकृती काढली. त्या बराच वेळ आकृतीकडे बघत होत्या. "बरं," म्हणाल्या.

चांगली जिज्ञासू बाई आहे.

शनिवार, २० डिसेंबर

डोकं फिरलंय.

आमच्याकडे डिस्क वगैरे नाही. प्रोग्रॅम साध्या गाण्याच्या कॅसेटवर ठेवायचा. टेपरेकॉर्डरवर ती लावली तर कर्रर्र कीं कीं असा कान किटवणारा आवाज येतो, तोच प्रोग्रॅम. आणि बाजारात लवूचं कॅसेटचं दुकान आहे, जिथे अख्खा तालुका डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या सामन्यातल्या, भजनांच्या कॅसेटी भरून घेतो. आज तिथे गेलो तर काचेआड माझीच कॅसेट! लेबलावर लवूच्या अक्षरात: 'जत्रा (कॉम्प्युटर)'. शेजारी नामांकित बुवांची गवळण.

"ही कोणी दिली तुला?"

"तुमच्या कुडाळच्या बाईनी. थंयच्या शाळेतय असलीच मशीन आसा. एक भरून व्हयी म्हणाली, मी चार भरलंय. कोण इलो तर बरा." वर मला विचारतो, "सर, गाणारो कोण ह्येच्यात? जरा ताल चुकता."

तडक शाळेत. मॅडम पेपर तपासत होत्या. मी म्हटलं, माझा प्रोग्रॅम मला न विचारता? त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, तुम्हीच दाखवला असतात तर मी विचारलं असतं." मी म्हटलं, कॉपी केलीत तरी आत काय आहे ते तुम्हाला दिसणार नाही, कुलूप आहे. तर म्हणाल्या, "दहा नंबरच्या ओळीत ना? मी नुसतं दहा टाइप करून एन्टर दाबलं. ओळ पुसली गेली."

माझं कुलूप. एक आकडा आणि एन्टर.

म्हणाल्या, अमेरिकेतही काही लोक म्हणतात की प्रोग्रॅम सगळ्यांना उघडा असावा, ज्याला चूक दिसेल त्याने दुरुस्त करावी. त्यांच्या भावाकडे मासिक येतं त्यात वाचलं. मी म्हटलं, अमेरिकेतल्या लोकांना असली थेरं परवडतात, मला नोकरी पाहिजे. तशा एकदम मालवणीत शिरल्या. "नोकरी तुका आसा मा हय!" मग जीभ चावून, "म्हणजे, तुम्हाला आहे ना इथे."

घरी येऊन बसलो नाही अजून. रेम ओळी! मी त्यात काय काय लिहिलंय ते आठवायचा प्रयत्न करतोय आणि आठवतंय.

शनिवार, ३ जानेवारी १९८७

फुकटच्या मालाला गिऱ्हाईक फार आणि त्या गिऱ्हाइकाला तोरा त्याहून फार. हे मत मी आज पक्कं केलं.

लवूच्या चार कॅसेटी चार वाटांनी गेल्या. विजयदुर्गच्या एका मास्तरांचं कार्ड आलं: 'आपल्या कार्यक्रमात आमच्या गावची जत्रा नाही, ताबडतोब घालावी.' ताबडतोब! जसा मी त्यांचा नोकर. दुसरं खारेपाटणहून: 'तुमचा प्रोग्रॅम आम्ही सुधारला असून शीर्षकात आमचे नाव घातले आहे, तुमचे काढले नाही, फक्त खाली नेले आहे.' खाली नेले आहे! तिसरं एका भटजींचं आहे. ते लिहितात की एका गावची तिथी मी एक दिवस चुकवली. तपासलं. चुकवली होती. दुरुस्त करायला बसलो तर कळलं, सरला मॅडमनी ती कुडाळच्या प्रतीत आधीच दुरुस्त केली आहे.

म्हणजे माझ्या प्रोग्रॅमची माझ्याकडचीच प्रत सगळ्यांत जुनी.

मॅडम समोर आल्या की मी खिडकीबाहेर बघतो. रेम ओळींबद्दल त्या एक शब्द बोलत नाहीत. वाचल्या नसतील. मशीन वाचत नाही, त्या तरी कशाला वाचतील?

शनिवार, १० जानेवारी

सत्यवानचं पत्र! त्यांचे मोठे साहेब परदेशात आहेत, मार्चच्या तीन तारखेला, मंगळवारी सकाळी भेटतील. आमची जत्रा सतरा फेब्रुवारीला उरकलेली असणार, त्यामुळे अडचण काही नाही. आनंदात अप्पांना सांगितलं.

"मार्चची कितवी?"

"तीन."

विहिरीवरून आल्यावर पुन्हा विचारलं, "कितवी म्हणालंस?" आताशा त्यांना कमी ऐकू येतं बहुतेक. एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांबरोबर कानांच्याही डॉक्टरांना दाखवायला हवं.

रविवार, १८ जानेवारी

आज कौल झाला. 

अख्खं गाव देवळात. सगळ्यांना तारीख माहीतच होती, स्टँडवर लागलेली. मुंबईच्या मंडळाने सोळा तारखेची अख्खी गाडी ठरवून टाकलीय. काही जण तर म्हणत होते, कौल कशाला, नारळ फोडू आणि जाऊ. काही आले पण नाहीत. दर वर्षी पाय ठेवायला जागा नसते, आज मागचे दोन खांब रिकामे होते. अप्पा त्या खांबांकडे बघत होते.

बाहेर लाउडस्पीकरवर भजन चालू होतं. लवूकडचीच कॅसेट. गाऱ्हाण्याआधी बंद करायची ती कुणाच्या लक्षात राहिली नाही. अप्पा उभे राहिले, हात जोडले.

"गे बाये सातेरी, आज तुझी लेकरां तुझ्या पायाशी जमली आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"माघी पुनवेनंतरच्या मंगळवारी जत्रा करूची असो जर तुझो हुकूम आसात..."

"व्हय म्हा..."

आणि भजन संपून कॅसेट पुढे सरकली. कर्रर्रर्र! कीं कीं कीं कर्रर्र! कर्ण्यातून, पूर्ण आवाजात. गावची कुत्री उठली. पिंपळावरचे कावळे उठले. लवूने पैसे वाचवायला जुन्याच कॅसेटवर भजन भरून दिलं होतं, आणि भजन संपलं तिथून पुढे जुनं होतं ते तसंच राहिलं होतं. मी तो आवाज लगेच ओळखला. आई मुलाचं रडणं ओळखते तसा. तो 'जत्रा' होता, माझाच, कुलूप न काढलेला.

हौसाबाई, आमच्या गावातली सगळ्यांत म्हातारी, खांबाला धरून उठली. "देवी गुरगुरली गो बाये! देवीक ह्या पटूचा नाय!" कुणीतरी धावत जाऊन वायर उपटली. मग अशी शांतता, की ओल्या कळीतून पाणी ठिबकलेलं ऐकू आलं.

कळी पडली. डावी.

पुढचा मंगळवार विचारला, तर पुन्हा डावी. मग अप्पा थांबले. डोळे मिटले, मग विचारलं, "फाल्गुनातल्या पयल्या मंगळवारी, तीन मार्चाक?"

उजवी पडली. अख्खं देऊळ ओरडलं, "व्हय म्हाराजा!" मी सोडून.

सोमवार, १९ जानेवारी

तीन मार्च! वर्षाच्या सगळ्या मंगळवारांतला तोच कसा नेमका? योगायोग. दुसरं काय.

रविवार, २५ जानेवारी

आठवडाभर मी अप्पांशी बोललो नाही, आज राहवलं नाही. म्हटलं, अप्पा, देवीने इतकी वर्षं एकच मंगळवार दिला, यंदाच कसा बदलला?

ते सुपारी कातरत होते. "देवी विचारल्याची उत्तरां देता. न विचारल्याची नाय."

"मग दर वर्षी पहिला मंगळवार तुम्हीच विचारत होता?"

"मी विचारी तेच्या आदी दारादारात जाऊन येय. कोणाचा सुतक आसा, कोणाची बाळंतीण आसा, कोणाचा भात झोडूचा रवला, सगळा बघून विचारी. म्हणान पयलीच कळी उजवी पडा." अडकित्ता खाली ठेवला. "ह्या वर्षी कोणाच्याच दारात जावक लागला नाय. सगळ्यांका आदीच ठाऊक. देवळात येवक पण कोणाक गरज नाय दिसली. तू बघलंस मा? मागचे खांब."

मी म्हटलं, पण माझी मुलाखत त्याच दिवशी आहे हे तुम्हाला माहीत होतं.

"व्हय," म्हणाले. "माका बहिरो समाजलंस तू. पण माका आयकाक येता." आणि उठून आत गेले.

मला राग यायला पाहिजे. येतोय पण. पण रागात मध्येच त्यांचे जोडलेले हात आणि रिकामे खांब येतात, आणि तो धड टिकत नाही.

रविवार, ८ फेब्रुवारी

सरला मॅडमची मुदत संपली. शाळेतून निरोप दिला, नारळ दिला, हेडमास्तरांनी भाषणात 'सरला' ऐवजी 'सुलभा' म्हटलं. त्या कुडाळला घरी गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "सर, आमच्याकडे अजून तारखा बघतायत. मी दोन वेळा नाही म्हटलं." मी म्हटलं, बरोबर आहे, घाईत ठरवलेल्या तारखेचं काय होतं ते मी भोगतोय. त्या हसल्या नाहीत.

आता संगणकाच्या खोलीत मागे कोणी उभं राहत नाही. काम जास्त व्हायला हवं. होत नाही. उगीच पडदे सरकवत बसतो.

मुंबईला जायचं की जत्रेला थांबायचं हे ठरत नाही. सत्यवानला दोन पत्रं लिहिली, दोन्ही फाडली.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

मुंबईच्या मंडळाची गाडी खरंच आली. रजा बदलून मिळाली नाही, गाडीचा आगाऊ परत मिळाला नाही, तेव्हा आले. देऊळ बंद, ना खाज्या-मिठाईची दुकानं, ना दशावताराचं नाटक. देवळासमोर सगळे बॅगा घेऊन उभे आणि मी त्यांच्या समोर. एक जण म्हणाला, "ह्योच तो कॉम्प्युटर!"

अप्पांनी सगळ्यांना घरी आणलं. शेजारच्या बायका जमल्या, वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ झाली. मी वाढत होतो, आणि प्रत्येक पानावर नवा टोमणा. "सर, पुढल्या वर्षीची चतुर्थी कधी, छापलात काय?" रात्री लोक अंगणात पडून गप्पा मारत होते. निघताना त्यांतल्या एकाने अप्पांना सांगितलं, "काका, ही कॉम्प्युटरची जत्रा बरी झाली. गर्दी नाय, धूळ नाय. पुढल्या वर्षी पण दोन करा."

अप्पा मनापासून हसले. बऱ्याच दिवसांनी.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

कुडाळच्या गाडीच्या कंडक्टरने कॅसेट आणून दिली. लेबलावर सरला मॅडमचं सुवाच्य अक्षर: 'जत्रा, दुरुस्त प्रत. खारेपाटण आणि विजयदुर्गसह.'

शाळा सुटल्यावर मशीनवर चढवली. कुलूप नाही, दहा नंबरची ओळच नाही, वीसपासून सुरू. 'लिस्ट' केलं. प्रोग्रॅम दुप्पट झालाय. विजयदुर्गकरांनी घातलेल्या भरती-ओहोटीच्या वेळा, खारेपाटणकरांची नावं (हो, वरच). आणि आमच्या गावाच्या ओळीत माझा फॉर्म्युला काढून तिथे एक प्रश्न टाकलाय. तिथे आलं की मशीन थांबतं आणि विचारतं: 'कौल झाला का?' तुम्ही तारीख टाकेपर्यंत पुढे जातच नाही. बसून राहतं. मला एवढं बसता आलं असतं तर.

माझ्या रेम ओळी सगळ्या तशाच ठेवल्यात. एकही पुसली नाही. मशीनला रोमन अक्षरंच येतात, तरी इथे आपल्या लिपीत लिहितो. ७७० वर माझी: 'आज ती हिरवी साडी. चूक सापडत नाही.' त्याखाली ७७५, नवी ओळ: 'ती साडी निळी होती.'

म्हणजे वाचल्या. सगळ्या वाचल्या. मी उठून खोलीला तीन चकरा मारल्या आणि मग शेवटपर्यंत गेलो. शेवटच्या ओळीत लिहिलंय:

'तारीख एकट्याने ठरवू नये. दोघांनी बसून ठरवावी. मंगळवारी मी घरी आहे.'

हे बरोबरच आहे. पण माझी चूक झाली हे आता सगळ्या तालुक्याने मला सांगून झालंय. पुन्हा प्रोग्रॅमच्या शेवटी कोरून ठेवायची काय गरज होती? आणि मंगळवारी त्या घरी असल्या तर मी काय करू? मंगळवारी जत्रा आहे. मंगळवारी मुलाखत आहे.

रविवार, १ मार्च

उद्याच्या रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलंय. जेवताना चिडचिड झाली आणि ती ओळ अप्पांना वाचून दाखवली. म्हटलं, बघा, शहाणपणा शिकवतात.

अप्पांचा घास हातातच राहिला. "पुना वाच."

पुन्हा वाचली.

"तिच्या घराक तारखा बघतत म्हणालंस तू मागे. कसल्या तारखा?"

"जत्रेच्या असतील. किंवा..."

मी थांबलो. डिसेंबरातली ती फळ्यावरची आकृती डोळ्यांसमोर आली. 'मशीनची मेमरी कमी पडेल.' देवा रे. दोन वेळा नाही म्हटलं!

"मेल्या, शिकलंस किती आणि वाचतंस काय!" अप्पा म्हणाले. "ती जत्रेची तारीख न्हय."

मी उठलो, बसलो, परत उठलो. मग तोंडातून भलतंच निघालं. "अप्पा, देवीला विचारायचं का? कळी लावून?"

"देवीक कित्याक?" त्यांनी घास तोंडात घातला. "तिका विचार."

बुधवार, ४ मार्च

सोमवारी सत्यवानला तार केली. येत नाही. त्याने रागावून उलट तार पाठवली, प्रोग्रॅम तरी पाठव. कळवलं की प्रोग्रॅम आता माझ्या एकट्याचा राहिला नाही, लवूच्या दुकानात कोणालाही मिळेल. त्याच्या साहेबांना तसला नको असणार. नको तर नको. थोडं वाईट वाटलं, नाही असं नाही. सोमवारी रात्री मुंबईची गाडी स्टँडवरून निघताना मी तिथेच उभा होतो, आणि ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिलो.

काल सकाळी कुडाळच्या पहिल्या गाडीने गेलो. दारात मॅडमचे वडील. "काय काम होतं?" मी म्हटलं, "प्रोग्रॅममध्ये एक चूक होती." आतून आवाज आला, "बाबा, त्यांना बसायला सांगा. ते बसत नाहीत."

बसलो. निळी साडी. खिडकी उघडी होती, त्यामुळे आता रंगाबद्दल शंका नाही. मग म्हटलं, "सरला, कौल झाला का?"

ती म्हणाली, "विचारल्याशिवाय कसो होतलो?"

मग मी विचारलं. नीट, पूर्ण वाक्यात, आतून कोणकोण ऐकतंय हे माहीत असून.

संध्याकाळी ती आणि तिची आई जत्रेला आल्या. देवळात पाय ठेवायला जागा नव्हती, मागच्या खांबांपाशीसुद्धा. अप्पांनी देवीसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, गावाचं, गुराढोरांचं, मुंबईच्या लेकरांचं, आणि शेवटी आवाज न बदलता, "आणि माझ्या ह्या येड्या झिलाची काय जी वाट आसात ती मार्गी लाव." अख्खं गाव ओरडलं, "व्हय म्हाराजा!" त्यात एक आवाज बायकांच्या बाजूने जरा उशिरा आला. तो मी ओळखला.

लग्नाची तारीख अजून ठरलेली नाही. दोन्हीकडची माणसं रविवारी बसणार आहेत. मी काहीही छापलेलं नाही.